उशिरा आलेले पाय

डिसेंबर उजाडला की आमच्या घराखालून पावलं जायला लागतात. पोलीस भरतीची तयारी करणाऱ्या मुली. अंधार पुरता सरलेला नसतो, हायवेवरच्या ट्रकांचे दिवे चालू असतात, आणि या मुली पद्मालयाच्या तळ्याकडे जाणाऱ्या रस्त्याला लागतात. मी पांघरुणातच असते. आता उठून करायचं काय? पण कान उठलेले असतात. कोण पाय घासत चालली आहे, कोण सुरुवातीलाच उगाच जोर लावते आहे आणि पहिल्या चढाला कंबरेवर हात ठेवून उभी राहणार आहे, हे मला पडल्या पडल्या कळतं. कळून उपयोग काही नाही. पथ्यावर असलेल्या माणसाला शेजारच्या फोडणीचे वास जास्त येतात, त्यातली गत. मुली लांब जातात, मग कुत्री गप्प होतात, मग दूधवाला येतो आणि मी उठते.

पाच वर्षांपूर्वीच्या हिवाळ्यात त्या पावलांत माझीही होती. मी त्रेपन्न वर्षांची होते. या वयात बायका गुडघ्याला तेल चोळतात आणि चारधामच्या गाड्यांची चौकशी करतात. मी पळत होते. नुसती पळत नव्हते, चांगली पळत होते. हे माझं मीच सांगते आहे, कारण दुसरं सांगणारं कोणी नाही, आणि या लेखाचं सगळं दुखणं तेच आहे.

एरंडोलला आमचं कृषी केंद्र आहे. बियाणं, खतं, फवारणीची औषधं. नवरा शेतकऱ्यांच्या बांधावर फिरतो आणि दुकान मी सांभाळते, म्हणजे काउंटरमागे बसते. लग्न झाल्यापासून बसलेलीच आहे. बसून बसून रक्तात साखर झाली तेव्हा डॉक्टरांनी चालायला सांगितलं, म्हणून पन्नाशीला मी चालायला लागले. एके दिवशी खताची गाडी येणार होती आणि दुकान उघडायला उशीर होत होता, म्हणून परतीच्या उतारावर पळत सुटले. घरी पोचले तर धाप नव्हती. वाटलं, चुकून झालं असेल. दुसऱ्या दिवशी चढावर पळून पाहिलं, तेही चुकूनच झालं. मग अशा चुका मी रोज करायला लागले.

आमच्या गल्लीतली दीपाली तेव्हा भरतीची तयारी करत होती. तिनेच मला मुलींच्यात ओढलं. पहिल्या वर्षी मी मागे असायची आणि मुली वळून वळून 'या काकू, या' करायच्या, आपण लहान मुलाला करतो तसं. दुसऱ्या वर्षी त्यांच्या बरोबरीने. तिसऱ्या हिवाळ्यात, म्हणजे त्या हिवाळ्यात, चढाला त्या गप्प व्हायच्या आणि मी बोलत राहायची. काल कोणती भाजी केली, दुकानात कोण भांडून गेलं. दीपाली शेवटी म्हणाली, "काकू, बोलू नका ना. आम्हाला उत्तर द्यावं लागतं."

ते दिवस कसे होते, हे सांगायला मला एकच गोष्ट सुचते. अंग गप्प झालं होतं. बायकांना हे वेगळं सांगायला नको. चाळिशीनंतर अंग सारखं बोलत असतं. पाठ बोलते, टाचा बोलतात, मध्येच छातीत काहीतरी कुजबुजतं आणि आपण दचकतो. त्या नोव्हेंबरच्या शेवटी हे सगळं बोलणं बंद पडलं. कपाशीची शेतं संपून टेकड्या सुरू होतात त्या वळणावर मी मुद्दाम लक्ष द्यायची की दम लागतो आहे का, आणि लक्ष देण्यासारखं काही सापडायचं नाही. पाय खाली होते, रस्ता मागे जात होता, मी वर कुठेतरी रिकामी बसले होते. इतकी हलकी मी लग्नाआधीसुद्धा कधी नव्हते.

आणि थंडी. खान्देशातली थंडी फार थोडे दिवस खरी असते, पण असते तेव्हा नाकातून थेट डोक्यात जाते. रात्रीच्या विजेवर गव्हाला पाणी देऊन माणसं बांधावर शेकोटी करून बसलेली असायची. ओल्या मातीचा वास, धुराचा वास, हरभऱ्याच्या शेतावरून येणारा आंबूस वारा. वेचणी होऊन गेलेल्या कपाशीचा एखादा बोंडभर कापूस बाभळीच्या काट्याला अडकून हलत असायचा. शेकोटीवरचा कोणीतरी हमखास ओरडायचा, "काय व माय, बस चुकनी का?" आधी मला लाज वाटायची. त्या हिवाळ्यात मी हात वर करून पुढे जायची आणि त्याचं हसणं मागे पडायचं. दुकानात तोच माणूस तुरीवरच्या अळीचं औषध न्यायला यायचा आणि मला 'ताई' म्हणायचा.

भूकही तशीच लागायची. शेतात भरीत होतं त्या दिवशी कपाशीच्या वाळक्या काड्यांवर वांगी भाजली, लाकडी बडगीत ठेचली, वर कांद्याची पात आणि शेंगदाणे पडले, आणि मी ज्वारी-उडदाच्या कळण्याच्या भाकरी एकामागून एक खात सुटले. जावा बघत राहिल्या. "हिले पोलीसमाच घाला," एक म्हणाली, आणि सगळ्या हसल्या. मीही हसले. तोंडात घास होता आणि मला खरोखर वाटत होतं की घाला, बघाच घालून.

कधी कधी मी सतरा वर्षांच्या मुलीचा विचार करते, म्हणजे माझा. माहेरच्या शाळेत मुलींची शर्यत म्हणजे लिंबू-चमचा. लिंबू न पाडता हळूहळू चालण्यात माझा दरवर्षी नंबर यायचा, आणि गुरुजी घरी येऊन सांगायचे, पोरगी फार शांत आहे. म्हणजे ही चीज तेव्हाही अंगात असणारच. ती काही पन्नाशीला बाजारातून आणली नव्हती. लग्नात ती माझ्याबरोबर आली, बाळंतपणात होती, पापड लाटताना होती, काउंटरमागे युरियाच्या गोण्यांशेजारी माझ्याबरोबर बसून होती. मला तिचा पत्ता नव्हता आणि तिला माझा. त्या वयातल्या पायांनी काय केलं असतं, हा विचार मी फार वेळ करत नाही. केला तर तो दिवस वाईट जातो.

घरात या सगळ्याची खरी गंमत वाटायची ती एकट्या अक्कांना. अक्का म्हणजे माझी सासू. दोन वर्षं खाटेवर होत्या, कमरेखालचं सगळं गेलेलं, जीभ मात्र शाबूत. मी पळून आले की आधी त्यांच्या खोलीत जायची, कारण त्यांना कूस बदलून द्यायची असायची. त्या विचारायच्या, "आज कथा लगून पयनी?"

"तळ्यापर्यंत, अक्का."

"तुना मांगे कोन लागेल व्हतं?"

"कोनीच नही."

"मंग कसाले पयस, व माय? मी बी पयेल शे एकदाव. म्हैस सुटनी व्हती."

हे रोज. शब्द तेच, हसणं तेच. एकदा मात्र मी म्हटलं की अक्का, तुम्हाला इतक्या सकाळी उगाच जाग येते, उद्यापासून मी आंघोळ करून मग येत जाईन. तर म्हणाल्या, "नको. तू येस ना, तुनासंगे बाहेरनी गार हवा येस. मी तिनीच वाट देखस." त्यानंतर मी दार ढकलून आधी त्यांच्या खाटेपाशी उभी राहायची आणि त्या डोळे मिटून माझ्या स्वेटरचा वास घेतल्यासारखं करायच्या.

जानेवारीत जळगावला मोठी शर्यत होती, एकवीस किलोमीटरची. त्यात पन्नाशीपुढच्या बायकांचा वेगळा गट होता. दीपालीने माझं नाव घातलं. मला काय हवं होतं ते स्पष्ट सांगते. आजवर मी पळाले ती विशीतल्या मुलींबरोबर. त्यांना मागे टाकलं तरी लोक म्हणणार, पोरी कच्च्या असतील. माझ्या वयाच्या बायका एका रेषेवर उभ्या राहतील आणि त्यांत मी कितवी, हे मला एकदा कळायला हवं होतं. बक्षिसाची हाव नव्हती असं मी म्हणणार नाही. होती. पहिली यायचं होतं, आणि येईन असं वाटत होतं. नवऱ्याला मी एवढंच सांगितलं की एका रविवारी मुलींबरोबर जळगावला जायचं आहे. तो 'जा ना' म्हणाला आणि विसरला. अक्कांना सगळं सांगितलं. त्यांची तब्येत तेव्हा उतरणीला लागली होती, अन्न जात नव्हतं. त्या म्हणाल्या, "तुनी शर्यत व्हई जाऊ दे, मंग मी जासू. तवलगून थांबस."

त्यांना थांबता आलं नाही. शर्यतीच्या आधीच्या सोमवारी दुपारी, मी चमच्याने पाणी घालत असताना गेल्या.

आमच्याकडे माणूस गेलं की लोक दारावर येतात. नातेवाईक, गाववाले, सोयऱ्यांचे सोयरे. गाडी भरून बायका येतात, उतरतानाच गळा काढतात, आणि घरातल्या सुनांनी आतून त्यांना साथ द्यायची असते. सुतक फिटेपर्यंत सुनांनी सतरंजीवर बसून राहायचं. शेवटी उत्तरकार्य, गंधमुक्ती. पुरुषांच्या कपाळी गंध लागलं की घर मोकळं. पूर्वी हे दहा-बारा दिवस चालायचं. अलीकडे बरेच जण पाच दिवसांत उरकतात, पाहुण्यांचे हाल होतात म्हणून, मुलांना रजा नसतात म्हणून. कोणी नावं ठेवत नाही.

त्या संध्याकाळी खोलीत सगळे बसले होते. धुळ्याहून माझे जेठ, म्हणजे थोरले दीर, आले होते, त्यांना आम्ही नाना म्हणतो. अग्नी त्यांनी दिलेला, कोपऱ्यात घोंगडीवर बसलेले. ते म्हणाले, "आते बठ्ठा पाच दिनमाच उरकतस. आपन बी तसंच करूत." मी पदर डोक्यावर घेऊन भिंतीशी बसले होते, आणि माझ्या डोक्यात दिवस आपोआप मोजले गेले. शुक्रवारी सगळं होत होतं. रविवार मोकळा होता. अक्का जाऊन अजून एक रात्रही उलटली नव्हती आणि माझ्या पोटऱ्या आतल्या आत ताणल्या गेल्या.

तेवढ्यात साक्रीची शोभाताई, माझी नणंद, रडत रडत बोलली, "मनी माय काय रस्तावर पडेल व्हती का, नाना? पाच दिनमा मोकयं व्हनं?" बहिणीच्या रडण्यापुढे नाना नरमले. जेठ भावजयीशी सरळ बोलत नाहीत, तेव्हा ते भिंतीकडे बघून म्हणाले, "तिले इचारा. दोन वरीस सेवा तिनी करी. ती म्हनी तसं करूत."

आयुष्यात त्या घरात माझ्या शब्दावर काही ठरायची ती पहिलीच वेळ. सगळ्यांची तोंडं माझ्याकडे. मी पाच म्हटलं असतं तर पाच झाले असते. पण ते तोंडातून कसं काढायचं? माझ्या नवऱ्याचे डोळे सुजले होते. शोभाताई पदराचा बोळा तोंडाला लावून माझ्याकडे बघत होती. आणि मनात मी माझी समजूत घातली की शर्यत काय, पुढच्या वर्षी आहेच.

"दहाच करा," मी म्हटलं.

शोभाताई माझ्या गळ्यात पडली. मी काय सोडलं ते त्या खोलीत कोणालाच माहीत नव्हतं, त्यामुळे मी काही सोडलं असंही झालं नाही.

त्या वाक्याने मला फसवलं ते 'पुढच्या वर्षी'ने. मी बाई त्रेपन्न वर्षांची होते, पण पळणारी म्हणून अवघी तीन वर्षांची होते. तीन वर्षांच्या पोराला वाटतं आपल्यापुढे सगळं पडलं आहे. दरवर्षी मी आदल्या वर्षीपेक्षा चांगली पळत आले होते, तेव्हा पुढच्या वर्षी आणखी चांगली पळेन, यापलीकडे माझी अक्कल गेली नाही. दीपालीला एक शर्यत हुकली असती तर दहा मिळाल्या असत्या. माझं चढणं आणि उतरणं यांच्यात एकच हिवाळा होता, आणि मी तो मधोमध असताना उठून दुसऱ्याला जागा द्यावी तसा दिला.

त्या रविवारी पारोळ्याकडच्या बायका आल्या. उन्हं नुकती अंगणात उतरली होती. त्या वेळेला जळगावात सुटले असतील, पहिला टप्पा मागे पडला असेल, हे माझ्या मनात चाललं होतं. दहा दिवसांतले सहा-सात बसून झाले होते आणि पायांना मुंग्या येत होत्या. गाडीचा आवाज आला, बायकांचा हंबरडा आला, आणि मला रडू फुटलं ते असं की मला धरावं लागलं. अक्कांसाठी रडत होते, हे खरं आहे. त्या खोलीत आता कोणी गार हवेची वाट बघत नव्हतं. पण मी स्वतःसाठीही रडत होते, आणि त्यातलं कुठलं रडणं कोणाचं हे मला तेव्हाही सांगता आलं नसतं. एक म्हातारी माझ्या पाठीवरून हात फिरवत शेजारणीला म्हणाली, "अशी सून भेटाले नशीब लागस." नंतर बरेच दिवस नात्यात माझं ते रडणं गाजलं.

गंधमुक्ती झाली, पाहुणे पांगले, दीपाली भेटायला आली. तिने शर्यतीचं काही काढलं नाही, मीच विचारलं. म्हणाली, "तुमच्या गटात जी पहिली आली ना काकू, ती शेवटी शेवटी चालत होती." मला बरं वाटावं म्हणून बोलली बिचारी.

दुसऱ्या दिवसापासून मी पुन्हा रस्त्याला लागले. पाय पळत होते, पण अंग पुन्हा बोलायला लागलं होतं. मला घाई झाली. जे बसून गेलं ते भरून काढायचं म्हणून मी रोज तळ्यापर्यंत जायला लागले, चढावर मुद्दाम जोर लावायला लागले. पावसाळ्यात उजवा गुडघा सुजला. जळगावच्या डॉक्टरांनी फोटो उजेडाला धरून सांगितलं की गादी झिजली आहे. चाला, म्हणाले, पण पळायचं नाव काढू नका. "या वयात पळायला तुम्हाला कोणी सांगितलं होतं?"

"कोणीच नाही," मी म्हटलं. तेवढंच खरं उत्तर होतं.

लोक समजूत घालतात. दीपाली आता धुळ्याला पोलिसात आहे, तिचा फोन येतो तेव्हा तीही घालते. निदान तो एक हिवाळा तरी मिळाला ना, काकू. कितीजणींना तेवढंही मिळत नाही. मी हूं म्हणते. पण मला ते पटत नाही आणि पटवून घ्यायचीही इच्छा नाही. न मिळालेल्याचं दुःख मी पन्नास वर्षं केलं नव्हतं, कारण मला त्याचा पत्ता नव्हता. मी सुखाने बसले होते. मिळालं म्हणून तर आता सकाळी पांघरुणात पडून दुसऱ्यांची पावलं ऐकते. मी कितवी आले असते हे आता कधीच कळणार नाही. देवालाही माहीत असेल असं वाटत नाही, कारण जे झालंच नाही ते तो तरी कुठून बघणार? वाईट ह्याचं वाटतं की मी हरलेसुद्धा नाही.

या थंडीत शोभाताई चार दिवस माहेरपणाला आली. आता नणंद-भावजय दोघीही म्हाताऱ्या, भांडणं कधीच संपली. दुपारी आम्ही ओट्यावर उन्हात पाय पसरून तुरीच्या ओल्या शेंगा सोलत होतो. अक्कांचा विषय निघाला, त्यांच्या म्हशीचा निघाला, हसून झालं. मग शोभाताई म्हणाली, "वैनी, तुले एक सांगू? तवय पाच दिनमा उरकी जातं ना, ते बरं व्हतं. आम्हनाकडे कांदानी लागवड चालू व्हती, मजूर खोटी व्हई ऱ्हायंता. मना जीव तिकडेच व्हता."

मी म्हटलं, "तूच तर रडलीस, पाच दिवसांत मोकळं होता का म्हणून."

"लेकनी जात शे, व. इतलं बोलनंच पडस. माय गयी आनि लेक उगी बसनी, तर लोके काय म्हनतीन? माले वाटनं, तू पाच म्हनी, मंग मी आखो थोडंसं रडसू, आनि व्हई जाई." ती हसली. "नाना बी पाचनीच वाट देखी ऱ्हायंता. बठ्ठास्ले पाचच पाहिजे व्हतं. तू दहा म्हनी टाकं, मंग कोन बोली?"

माझ्या हातातली शेंग तशीच राहिली. तिला वाटलं मला राग आला, म्हणून तिने माझ्या गुडघ्यावर हात ठेवला.

"जाऊ दे, व्हई गयं. तुले काय फरक पडना? तू त घरमाच व्हती."

"हो," मी म्हटलं. "मी घरातच होते."